गणिततपस्वी ऑयलर

स्वित्झर्लंड देशाच्या उत्तर सीमेवर, ऱ्हाइन नदी जेथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहू लागते, तेथे बाझेल नावाचे जुने नगर आहे. या नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी लेओनार्ड ऑयलर याचा जन्म झाला. त्याचे वडील पाउल ऑयलर हे धर्मोपदेशक होते. मुलगा अगदी लहान असतानाच त्यांची नेमणूक जवळच्या रीहेन या खेड्यात झाली आणि लेओनार्डचे बालपण त्या खेड्यातच गेले. घरची स्थिती बेताची होती, पण घरात विद्येचा आदर होता. वडिलांनी तरुणपणी याकोब बेर्नुली या थोर गणितज्ञाची व्याख्याने ऐकली होती. मुलाला गणिताचे पहिले धडे त्यांनीच दिले.

मात्र मुलाने गणिती व्हावे अशी त्यांची इच्छा नव्हती. आपल्यामागे त्याने धर्मोपदेशकाचीच वस्त्रे अंगावर घ्यावीत, असे त्यांनी मनाशी ठरविले होते. तेराव्या वर्षी लेओनार्ड बाझेलच्या विद्यापीठात दाखल झाला. तेथे याकोब बेर्नुलीचा धाकटा भाऊ योहान हा गणित शिकवीत असे. योहानची कीर्ती त्या वेळी साऱ्या युरोपात पसरली होती. स्वभावाने तो तापट होता आणि स्वतंत्र शिकवणीसाठी त्याला सवड नव्हती. परंतु त्याने या मुलास एक सवलत दिली. मुलाने कठीण ग्रंथ स्वतःच वाचावेत आणि जेथे अडेल त्या जागा घेऊन शनिवारी दुपारी आपल्याकडे यावे. लेओनार्डने या संधीचे चीज केले. गुरूला कमीत कमी प्रश्न विचारावे लागावेत, म्हणून तो आठवडाभर एकेका अडचणीशी झुंजत राही. बहुतेक अडचणी शनिवार उजाडण्यापूर्वीच सुटत. या शिष्याचे पाणी काही निराळेच आहे, हे योहानच्या लवकरच ध्यानात आले. अखेर त्यानेच पाउल ऑयलरची समजूत घातली आणि मुलाची गणिताची वाट मोकळी करून दिली.

शिक्षण पुरे झाले, पण मायदेशी नोकरी मिळेना. बाझेलच्या विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली होती. ऑयलरने अर्ज केला, पण त्याचे वय अवघे एकोणीस वर्षांचे असल्याने त्याची निवड झाली नाही. त्याच सुमारास रशियाच्या सेंट पीटर्सबर्ग या राजधानीत विद्वानांची एक नवी अकादमी स्थापन झाली होती. योहानचा मुलगा दानिएल तेथे काम करीत होता. त्याच्या शिफारशीवरून ऑयलरला बोलावणे आले. १७२७ च्या एप्रिल महिन्यात त्याने बाझेल सोडले. या नगरात तो पुन्हा कधीही राहावयास आला नाही.

पीटर्सबर्गमधील पहिली वर्षे ओढगस्तीची गेली. काही काळ त्याने रशियन नौदलात वैद्यकीय अधिकारी म्हणूनही नोकरी केली. परंतु येथेच त्याला एक मित्र भेटला आणि त्या मित्रामुळे त्याच्या आयुष्यात एक प्रचंड संख्या आली. मित्राचे नाव क्रिस्तियान गोल्डबाख. तो अकादमीचा कार्यवाह होता. पुढे राजदरबाराबरोबर तो मॉस्को येथे गेला, तेव्हा या दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. १ डिसेंबर १७२९ रोजी लिहिलेल्या एका पत्राच्या शेवटी गोल्डबाखने सहज एक विचारणा केली. फ्रान्समधील विख्यात गणितज्ञ फेर्मा याचे मूळ संख्यांविषयीचे एक विधान ऑयलरला ठाऊक आहे काय?

हे विधान समजण्यासाठी थोडे गणित पाहिले पाहिजे. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. ७, १३, २९ या मूळ संख्या होत. १५ ही मूळ संख्या नव्हे, कारण तिला ३ ने व ५ ने भाग जातो. आता ३ ही संख्या घ्यावी. तिच्यातून एक वजा केला की २ उरतात. त्याचा वर्ग ४. त्यात एक मिळविला की ५ होतात. पाचावर हीच क्रिया केली की १७ मिळतात. सतरावरून २५७ आणि तीवरून ६५,५३७. या पाचही संख्या मूळ आहेत. ही क्रिया अशीच पुढे चालविली तर निघणारी प्रत्येक संख्या मूळच असेल, असे फेर्माने १६४० मध्ये आपल्या मित्रांस कळविले होते.

फेर्मा हा व्यवसायाने कायदेपंडित होता. तूलूझ येथील न्यायसभेत तो काम करी आणि फावल्या वेळात गणिताचा व्यासंग करी. संख्यांच्या गुणधर्मांविषयी त्याने जी अनेक विधाने करून ठेवली, त्यांतील बहुतेक पुढे खरी ठरली. त्यामुळे त्याच्या शब्दाला विलक्षण वजन होते. मूळ संख्यांविषयीच्या या विधानाची सिद्धता आपणास सापडलेली नाही, हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले होते. पण ते खरे आहे याविषयी त्याला शंका नव्हती. १६६५ मध्ये तो मरण पावला. पत्रे लिहून होऊन नव्वद वर्षे होत आली, तरी ते विधान तसेच उभे होते. कोणी ते सिद्ध केले नव्हते आणि कोणी खोडूनही काढले नव्हते.

सहावी संख्या कोणती? ६५,५३७ मधून एक वजा करून वर्ग केला व त्यात एक मिळविला, की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या येते. चारशे एकोणतीस कोटी एकोणपन्नास लक्ष सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव! बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या पंडिताची गोष्ट आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पटाच्या पहिल्या घरात धान्याचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट दाणे त्याने राजाजवळ मागितले होते. अर्धा पट ओलांडून तेहतिसाव्या घरात आले, की तेथे जितके दाणे ठेवावे लागतील त्यांहून ही संख्या बरोबर एकाने मोठी आहे.

ही संख्या मूळ आहे की नाही, हे ठरविण्याचा सरळ मार्ग म्हणजे तिला एकेका मूळ संख्येने भागून पाहणे. ज्या संख्येचे दोन अवयव पडतात, त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमुळाहून मोठा असू शकत नाही. येथे वर्गमूळ सुमारे ६५,५३६ येते. तेवढ्या मर्यादेत साडेसहा हजारांहून अधिक मूळ संख्या आहेत. त्या काळी गणकयंत्रे नव्हती. टाकाने कागदावर दहा अंकी संख्येचे साडेसहा हजार भागाकार करण्यास कोण बसणार? आणि इतके करून एकाही संख्येने भाग गेला नाही, तर फेर्माचे म्हणणे खरे एवढेच कळणार. ते तर सर्वांनी गृहीतच धरले होते.

गोल्डबाखच्या पत्राला ऑयलरने प्रारंभी फारसा उत्साह दाखविला नाही. बावीस वर्षांच्या या तरुणाचे मन तेव्हा दुसऱ्याच विषयांत गुंतले होते. गोल्डबाखने मात्र विषय सोडला नाही. त्याने पुन्हा लिहिले. मग ऑयलरने फेर्माचे लेखन मिळवून वाचावयास घेतले, आणि एकदा वाचावयास घेतल्यावर ते त्याच्या हातून जन्मभर सुटले नाही.

१७३२ मध्ये त्याने अकादमीपुढे एक छोटासा लेख ठेवला. फेर्माची सहावी संख्या मूळ नाही, असे त्यात लिहिले होते. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७.

एवढ्या मोठ्या गोष्टीचा पुरावा इतका लहान होता, की शाळेतील मुलानेही तो तपासावा. ६७,००,४१७ ला ६०० ने गुणिले की ४,०२,०२,५०,२०० होतात. त्याच संख्येला ४० ने गुणिले की २६,८०,१६,६८० होतात. या दोहोंत मूळची ६७,००,४१७ मिळवावी. बेरीज ४,२९,४९,६७,२९७ येते. एकाचाही फरक पडत नाही. फेर्मासारख्या अधिकारी पुरुषाचे विधान एका गुणाकाराने कोसळले. पाच वेळा खरी ठरलेली गोष्ट सहाव्या वेळी खोटी ठरली.

६४१ हीच संख्या ऑयलरला कशी सुचली? त्या लेखात त्याने याचा उलगडा केला नाही. पंधरा-सोळा वर्षांनी लिहिलेल्या दुसऱ्या एका लेखात त्याने जे सिद्ध करून दाखविले, त्यावरून सारी युक्ती ध्यानात येते. या सहाव्या संख्येचा जो कोणी मूळ भाजक असेल, त्याला ६४ ने भागले असता बाकी एकच उरली पाहिजे. म्हणजे वाटेल त्या संख्येने भागत बसण्याचे कारण नाही. ६४ च्या पाढ्यात एकेक मिळवीत जावे : ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतील ६५ व ३८५ यांना ५ ने भाग जातो. १२९, ३२१ व ५१३ यांना ३ ने भाग जातो. ती गळून पडली. उरल्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पहिल्या चारांनी भाग जात नाही, पाचवीने जातो. साडेसहा हजार भागाकारांचे काम पाच भागाकारांवर आले! ही युक्ती ठाऊक नसती आणि २, ३, ५, ७ असे क्रमाने सर्व मूळ संख्यांनी भागत गेले असते, तरीही एकशे सोळाव्या भागाकाराला ६४१ ची पाळी आली असती. ते काम दोन-चार दिवसांचे होते. फेर्माने ते का केले नाही, याचे आजही नवल वाटते. बहुधा त्याच्या ठायी असलेली खात्रीच त्याच्या आड आली असावी.

यानंतर ऑयलरची कीर्ती वाढत गेली. १७३३ मध्ये दानिएल बेर्नुली बाझेलला परत गेला आणि त्याच्या जागी गणिताचा प्रमुख प्राध्यापक म्हणून ऑयलरची नेमणूक झाली. पुढच्या वर्षी त्याने कातारिना ग्झेल या चित्रकाराच्या मुलीशी विवाह केला. त्यांना तेरा मुले झाली. परंतु त्यांतील पाचच बालपण ओलांडून वाढली. लेकरू मांडीवर घेऊन, आजूबाजूला मुलांचा दंगा चाललेला असताना ऑयलर गणिताचे लेख लिहीत असे, असे सांगतात. आरशाच्या प्रकाशापासून जहाजांच्या बांधणीपर्यंत आणि चंद्राच्या गतीपासून संगीतातील स्वरांपर्यंत असा विषय नाही की ज्याला त्याने हात घातला नाही. रशियाचे नकाशे तयार करण्याचे किचकट कामही त्याच्याकडे होते. १७३८ मध्ये मोठे दुखणे येऊन त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. कामाचा वेग मात्र मंदावला नाही.

१७४१ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या निमंत्रणावरून तो बर्लिनला गेला व तेथील अकादमीत त्याने पंचवीस वर्षे काढली. त्याचे कित्येक श्रेष्ठ ग्रंथ येथेच लिहून झाले. तथापि राजाचे आणि त्याचे कधी जमले नाही. राजाला दरबारात चमकदार भाषण करणारी, हजरजबाबी माणसे आवडत. ऑयलर साधा, श्रद्धाळू आणि मितभाषी होता. त्याच्या अधू डोळ्यावरून राजा त्याची थट्टा करी. अखेर १७६६ मध्ये रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या आग्रहावरून ऑयलर पीटर्सबर्गला परतला. त्या वेळी त्याचे वय एकोणसाठ वर्षांचे होते.

परतल्यावर थोड्याच काळात त्याच्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. काही दिवस दिसूही लागले. पण डोळा चिघळला आणि असह्य वेदना देऊन तोही गेला. त्याच वर्षी पीटर्सबर्गमध्ये भयंकर आग लागली. ऑयलरचे लाकडी घर पेटले. आंधळा ऑयलर आत अडकला होता. बाझेलहून येऊन तेथे राहिलेला पेटर ग्रिम नावाचा एक कारागीर जिवावर उदार होऊन आत शिरला आणि आपल्या गावच्या या वृद्ध पंडितास त्याने पाठीवर घेऊन बाहेर आणले. घर भस्मसात झाले. हस्तलिखिते मात्र बहुतेक वाचली.

अशा माणसाने आता विश्रांती घेतली असती, तर त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु ऑयलरच्या लेखनाचा सुमारे निम्मा भाग दृष्टी गेल्यानंतरचा आहे! लहानपणापासून कमावलेली स्मरणशक्ती आता त्याच्या कामी आली. व्हर्जिल या रोमन कवीचे एक संपूर्ण महाकाव्य त्याला मुखोद्गत होते, आणि आपल्याजवळच्या प्रतीतील कोणत्या पानाची पहिली ओळ कोणती व शेवटची कोणती, हेही तो सांगू शके. एकदा त्याच्या दोन शिष्यांनी एका लांबलचक श्रेणीची बेरीज केली. दोघांच्या उत्तरांत दशांशचिन्हानंतरच्या पन्नासाव्या स्थळी फरक पडला आणि वाद सुरू झाला. ऑयलरने सारे गणित मनातल्या मनात करून चूक दाखवून दिली, असे त्याच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

बीजगणितावरील त्याचा प्रसिद्ध ग्रंथ या काळातला. शिवणकाम शिकलेला एक तरुण नोकर त्याच्या पदरी होता. त्याला गणिताचे ज्ञान बेताचेच होते. ऑयलर सांगे आणि तो उतरून घेई. प्रत्येक गोष्ट या लेखकाला कळली पाहिजे, असा ऑयलरचा कटाक्ष असे. त्यामुळे तो ग्रंथ इतका सुबोध उतरला, की अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. या ग्रंथाशी आपलाही एक धागा जुळतो. एखाद्या संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात एक मिळविला असता उत्तर पुन्हा वर्गसंख्याच आले पाहिजे. अशी लहानात लहान संख्या कोणती? या प्रश्नाच्या उत्तरात १,७६,६३,१९,०४९ अशी दहा अंकी वर्गमूळसंख्या येते. ती ऑयलरच्या ग्रंथात आहे, आणि सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील बीजगणितातही आहे. भास्कराचार्यांचा ग्रंथ युरोपीय भाषांत उतरला तो एकोणिसाव्या शतकात. ऑयलरला त्याची वार्ता नव्हती.

याच अंधत्वाच्या काळात, १७७२ मध्ये, ऑयलर पुन्हा एका दहा अंकी संख्येकडे वळला. ती संख्या २,१४,७४,८३,६४७. बुद्धिबळाच्या पटावरील पहिल्या एकतीस घरांतील सर्व दाणे एकत्र केले तर नेमके इतके भरतात. ही संख्या मूळ आहे, असे मेरसेन नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये एका ग्रंथात लिहून ठेवले होते. मेरसेन हा फेर्माचा समकालीन आणि पत्रमित्र. त्याने अशा प्रकारच्या संख्यांची एक यादीच दिली होती. पण सिद्धता मात्र दिली नव्हती. फेर्माच्या विधानाची जी गत झाली, तीच याचीही होणार काय?

या वेळचे काम पहिल्याहून अवघड होते. संख्या मूळ नाही हे दाखवावयाचे तर एक भाजक सापडला की पुरे. तेथे काम संपते. परंतु संख्या मूळ आहे हे दाखवावयाचे असेल, तर एकही भाजक नाही याची खात्री करून घ्यावी लागते. वाटेत कोठेही थांबून चालत नाही, आणि एक भागाकार जरी चुकला तरी सारा खटाटोप व्यर्थ जातो. येथे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे. तेथपर्यंत सुमारे चार हजार आठशे मूळ संख्या येतात.

ऑयलरने पूर्वीप्रमाणेच आधी विचार केला आणि मग भागाकार. या संख्येचा जो कोणी मूळ भाजक असेल, त्याला २४८ ने भागले असता बाकी एक तरी उरेल किंवा त्रेसष्ट तरी उरेल, असे त्याने आपल्या सिद्धांतांवरून ठरविले. या चाळणीतून संख्या भराभर गळून पडल्या. पहिली उरली ३११. तिच्यानंतर एकदम १३०३. अशा रीतीने ४६,३४० पर्यंत गेले तरी उरलेल्या मूळ संख्या शंभरही भरत नाहीत. त्यांपैकी एकीनेही भाग जात नाही. संख्या मूळ आहे! बर्लिन येथे राहणाऱ्या योहान बेर्नुली यास ऑयलरने हे पत्राने कळविले. हा योहान म्हणजे शनिवारी दुपारी ऑयलरच्या शंका सोडविणाऱ्या त्या गुरूचा नातू. आजोबांचेच नाव त्याला ठेवले होते.

अमुक एक संख्या मूळ आहे असे निश्चित ठाऊक असलेल्या संख्यांत ही संख्या पाऊणशे वर्षांहून अधिक काळ सर्वांत मोठी राहिली. तिच्यापासून एक परिपूर्ण संख्याही मिळाली. ज्या संख्येच्या सर्व लहान भाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच भरते, तिला परिपूर्ण संख्या म्हणतात. उदाहरणार्थ ६ चे भाजक १, २ व ३. त्यांची बेरीज ६. २८ चे भाजक १, २, ४, ७ व १४. त्यांची बेरीज २८. युक्लिडच्या काळापासून विद्वानांना अशा संख्यांचे आकर्षण होते. ऑयलरने सिद्ध केलेल्या मूळ संख्येला पटाच्या एकतिसाव्या घरातील दाण्यांनी गुणिले, की २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या येते. याहून मोठी परिपूर्ण संख्या कोणी कधी शोधणार नाही, कारण अशा निरुपयोगी कामात कोण वेळ दवडील, असे पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहून टाकले. त्याचा अंदाज पार चुकला. वेळ दवडणारे पुष्कळ निघाले. शिवाय ऑयलरची ती दहा अंकी संख्या आज संगणकांत पदोपदी आढळते. संगणकाच्या एका प्रचलित मांडणीत मावणारी ती सर्वांत मोठी संख्या आहे. मेरसेनच्या यादीतील काही संख्या मात्र पुढे खोट्या ठरल्या, आणि काही खऱ्या संख्या त्याच्या नजरेतून सुटल्या होत्या असेही आढळून आले.

१७७३ मध्ये ऑयलरची पत्नी निवर्तली. घरची व्यवस्था लागावी म्हणून तीन वर्षांनी त्याने तिच्या सावत्र बहिणीशी विवाह केला. त्याचे मुलगे व शिष्य रोज त्याच्याभोवती जमत. मोठ्या पाटीवर तो खडूने ठळक आकडे काढी, तोंडाने विवरण करी आणि शिष्य ते लिहून घेऊन लेख तयार करीत.

१८ सप्टेंबर १७८३ हा दिवसही असाच उजाडला. सकाळी ऑयलरने आपल्या एका नातवाला गणित शिकविले. त्या वर्षी फ्रान्समध्ये माणसाने पहिले मोठे विमानफुगे आकाशात सोडले होते. त्या फुग्यांच्या गतीचे गणित त्याने पाटीवर मांडले. दुपारी शिष्य लेक्सेल याच्याशी दोन वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनस या नव्या ग्रहाच्या कक्षेविषयी त्याची चर्चा झाली. सायंकाळी नातवंडांशी गप्पा करीत असता त्याला एकाएकी झटका आला, शुद्ध हरपली आणि रात्री त्याची प्राणज्योत मालवली. त्याचे वय शहात्तर वर्षांचे होते. त्याच्या मागे इतके लेख शिल्लक होते, की पीटर्सबर्गची अकादमी ते पुढे कित्येक वर्षे छापीत राहिली. त्याच्या समग्र ग्रंथांचे प्रकाशन स्वित्झर्लंडमध्ये १९११ साली सुरू झाले. त्यांचे ऐंशीच्या आसपास खंड झाले आहेत.

फेर्माच्या ज्या संख्यांपासून ऑयलरने प्रारंभ केला, त्यांचा पाठपुरावा त्याच्या मृत्यूनंतरही चालूच राहिला. १७९६ मध्ये गाउस या जर्मन तरुणाने त्यांतील १७ या संख्येचा भूमितीशी संबंध जोडला आणि सतरा समान बाजूंची आकृती केवळ पट्टी व कंपास यांनी काढता येते, असे दाखविले. सातवी संख्या वीस अंकी आहे. तिचा २,७४,१७७ हा भाजक १८८० मध्ये लाँद्री नावाच्या फ्रेंच माणसाने शोधून काढला, तेव्हा तो ब्याऐंशी वर्षांचा होता. त्यापुढच्या अनेक संख्या तपासून झाल्या आहेत. त्याही मूळ नाहीत. फेर्माला ठाऊक असलेल्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचांखेरीज या मालिकेतील आणखी एकही मूळ संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही. तशी एखादी संख्या दूर कोठे आहे, की या पाचांनंतर एकही नाही, याचा निर्णय अद्याप लागावयाचा आहे.